पुणे ते नाशिक, नाशिक ते धुळे : बदल्यांवर बदल्या झेललेला जज पुढे हायकोर्टात बसला

कसारा लोकलने खर्डी सोडलं की उंबरमाळी लागतं. इथल्या माणसाचा बांधावरून वाद झाला, कोणी दावा ठोकला, तर पहिला जज भेटतो तो तालुक्याला, शहापूरच्या कोर्टात. हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट टीव्हीवर. सामान्य माणसासाठी न्यायव्यवस्था म्हणजे हेच खालचं कोर्ट.

मग या जजला नेमतं कोण? आणि तो सरकारला आवडला नाही तर त्याची बदली करतं कोण?

हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने स्वतःच्या अंगावर भोगला होता. त्यांचं नाव न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

शाळेच्या पुस्तकात रानडे भेटतात ते समाजसुधारक म्हणून. पण त्यांची नोकरी होती जजची आणि तीही खालच्या कोर्टातली. आयुष्यातली वीसेक वर्षं त्यांनी हायकोर्टाच्या खालीच काढली.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, त्या पहिल्या बॅचमध्ये ते होते. १८६२ मध्ये बीए, १८६६ मध्ये एलएलबी. मधल्या काळात अक्कलकोट आणि कोल्हापूर संस्थानात नोकरी केली, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलंही. १८७१ मध्ये त्यांची पुण्याला फर्स्ट क्लास सबऑर्डिनेट जज म्हणून नेमणूक झाली. वय होतं अवघं २९.

आता तेव्हाची सिस्टीम समजून घ्या.

मुंबई इलाख्यात १८६९ चा दिवाणी कोर्टांचा कायदा लागू होता. सबऑर्डिनेट जजचे दोन वर्ग होते. सेकंड क्लासवाला ५ हजार रुपयांपर्यंतचे दावे ऐकायचा, फर्स्ट क्लासवाल्याला रकमेची मर्यादा नव्हती. त्यांच्या वर जिल्हा जज. ती खुर्ची बहुतेक वेळा गोऱ्या आयसीएस अधिकाऱ्याकडे असायची. आयसीएसची परीक्षा लंडनला व्हायची, त्यामुळे आपल्याकडच्या हुशार पोरांना तो रस्ता जवळपास बंदच होता.

आणि सबजजची नेमणूक करायचं सरकारच. सगळी मेख इथेच होती.

पुण्यात आल्यावर रानडे सार्वजनिक सभेच्या कामात ओढले गेले. ही सभा १८७० ची. रयतेची गाऱ्हाणी मांडायची, आकडे गोळा करायचे, सरकारला अर्ज करायचे, हे तिचं काम. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. यामागे डोकं कुणाचं आहे, हे सरकारला कळत होतं.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली झाली नाशिकला.

पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड पेटलं. मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आगी लागल्या. पुण्यातल्या शिकलेल्या मंडळींचा बंडाला आतून हात आहे, असा सरकारला संशय. रानड्यांना थेट धुळ्याला पाठवण्यात आलं.

धुळ्यात त्यांची पत्रं फोडून वाचली जायची. बंडाच्या बातम्या असलेली, फडक्यांच्या नावाची बनावट पत्रंही यायला लागली. हा सरळ सापळा होता. रानड्यांनी काय करावं? अशी पत्रं ते स्वतःच पोलिसांकडे पाठवून द्यायचे. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींमध्ये या दिवसांबद्दल लिहून ठेवलं आहे.

गंमत बघा. सरकार विरुद्ध कुणी असा दावा समोर आला तर ज्याने निष्पक्ष निकाल द्यायचा, त्याच जजची पत्रं सरकार फोडत होतं. त्याने निकाल चुकीचे दिले, अशी तक्रार नव्हती. तो कोर्टाबाहेर काय विचार करतो, याची भीती होती.

रानड्यांनी ना राजीनामा दिला, ना सभेचं काम सोडलं. हळूहळू संशय निवळला. १८८१ मध्ये मुंबईत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणून काम करून ते पुन्हा पुण्याला आले. १८८४ मध्ये स्मॉल कॉज कोर्टाचे जज झाले.

१८८७ मध्ये ते दख्खन शेतकरी कायद्याखाली स्पेशल जज झाले. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये हा कायदा आला होता. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत फिरून खालच्या कोर्टांचं काम तपासणं हे स्पेशल जजचं काम. म्हणजे कधीकाळी ज्याच्यावर पाळत होती, तोच आता इतर जजांचं काम तपासत होता.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टात गेले. १८६१ च्या हायकोर्ट कायद्यात पाच वर्षं काम केलेल्या स्मॉल कॉज जजसाठी ही वाट होती. पण त्या वाटेने वर पोचलेले हिंदी लोक बोटावर मोजण्याइतकेच. १६ जानेवारी १९०१ ला मुंबईत रानडे गेले, तेव्हाही ते हायकोर्टाचे न्यायमूर्तीच होते.

आज काय बदललंय?

शहापूर किंवा मुरबाडच्या कोर्टातला कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश एमपीएससीची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत देऊन येतो. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यासाठी तीन वर्षं वकिलीची अटही परत आणली. नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते, नियम करताना हायकोर्टाचा सल्ला घ्यावाच लागतो. हे राज्यघटनेचं कलम २३४.

पण रानड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं कलम पुढचं आहे, २३५. या जजांची पोस्टिंग, बढती, रजा हे सगळं हायकोर्टाच्या हातात. एखादा निकाल झोंबला म्हणून सरकारला जजची बदली करता येत नाही.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ट्रायल कोर्टाचे जज मतदार निवडतात आणि मुदत संपली की त्यांना पुन्हा मतं मागावी लागतात. आपल्या घटनेने ना मतदार निवडला, ना मंत्री. जजची नाडी वरच्या कोर्टाकडे दिली.

ही व्यवस्थाही परिपूर्ण नाही. तारखांवर तारखा उंबरमाळीच्या माणसालाही चुकलेल्या नाहीत. पण त्याचा दावा ऐकणाऱ्या जजला उद्या सरकारी हुकमाने धुळ्याला जावं लागेल, ही भीती मात्र आज कायद्याने काढून टाकली आहे. रानड्यांना हे संरक्षण कधी मिळालं नाही. त्यांनी ते नसतानाच निकाल दिले.