पंडिता रमाबाई : मागितलेला आशीर्वाद आणि सांभाळलेला विश्वास

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक समज पुष्कळदा आढळतो. मनुष्य प्रभूचा झाला म्हणजे त्याचे शेत पिकावे, गुरे जगावी, लेकरे आजारी पडू नयेत. तसे झाले तर देवाचा आशीर्वाद मिळाला, आणि न झाले तर मिळाला नाही. मग एखाद्या वर्षी पाऊस ओढ देतो, बैल मरतो, तापाने मूल दगावते, आणि शेजारी विचारतात, तुमच्या देवाने तुम्हांस काय दिले? हा प्रश्न ऐकून कित्येकांचे पाय लटपटतात. कोणी उपासनेस येणे सोडतो. कोणी अंधार पडल्यावर हळूच जुन्या देवस्थानाकडे नवस फेडावयास जातो. अशा बंधुभगिनींकरिता आम्ही आज पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगत आहोत. त्यांचे नाव बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु देवाचा आशीर्वाद त्यांच्या दारी कोणत्या रूपाने आला आणि त्यांनी तो कसा ओळखला, ह्याचा विचार आपण क्वचितच करितो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक असता, लोकांचा रोष पत्करून त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली. पुढे आईने पहाटेच्या वेळी, घरची कामे सुरू होण्यापूर्वी, रमाबाईंस शिकविले. भागवताचे १८,००० श्लोक ह्या मुलीने मुखोद्गत केले. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थे करीत, पुराणे सांगत, पायी फिरत असे.

मग दुष्काळ आला. जवळचे द्रव्य सरले, भांडीकुंडी गेली, आणि रानातील पाला खाण्याची वेळ आली. १८७४ साली अनंतशास्त्री वारले. त्यांच्या मागोमाग आई गेली, आणि पुढे थोरली बहीणही गेली. राहिली ती दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा. उपाशी, अनवाणी, देशभर भटकत ती १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु इतकी व्रते, इतकी स्नाने, इतकी पारायणे करूनही अंतःकरण रितेच राहिले होते, आणि ह्या मानाने ते भरले नाही.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेव्हा रमाबाईंचे वय अवघे २३ वर्षांचे होते. सिलचर येथील त्या थोड्या दिवसांच्या संसारात एक लहानशी गोष्ट मात्र घडली होती. घरच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली व त्यांनी ती वाचली. बी पडले, उगवावयास वेळ होता.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या व स्त्रियांच्या उन्नतीसाठी त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडास गेल्या. परंतु कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो बेत सोडावा लागला. तेथेच वाँटेजच्या साध्वी भगिनींच्या सहवासात, टाकलेल्या व पतित स्त्रियांची सेवा कशी होते हे त्यांनी पाहिले. आपल्या शास्त्रांत ज्यांस जागा नव्हती अशांस ख्रिस्त जवळ घेतो, हे त्यांच्या ध्यानात आले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व चिमुकल्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

येथे आमच्या वाचकांनी क्षणभर थांबावे. बाप्तिस्मा झाल्याबरोबर रमाबाईंच्या जिवाला पूर्ण विसावा मिळाला, असे झाले नाही. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले की, त्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. बुद्धीस पटले होते, अंतःकरण अद्याप चाचपडत होते. ही स्थिती सुमारे आठ वर्षे राहिली. त्या अवधीत त्यांनी मागे पाऊल घेतले नाही. त्या प्रार्थना करीत राहिल्या, शास्त्र वाचीत राहिल्या, आणि हाती घेतलेले काम करीत राहिल्या. १८९१ च्या सुमारास त्यांस कळून आले की तारण कमवावयाचे नसून हात पसरून घ्यावयाचे आहे, आणि तेही आहोत तशा स्थितीत. जन्मभर व्रते करणाऱ्या स्त्रीस फुकट घेणे हेच सर्वांत कठीण गेले. आपणांपैकी ज्यांचा बाप्तिस्मा होऊन वर्षे लोटली आणि तरी मन कोरडेच वाटते, त्यांनी निराश होऊ नये. देवाचा हात आखूड झालेला नसतो. आपली मूठ मिटलेली असते.

ह्या मधल्या काळात रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या होत्या. तेथील मित्रांनी मंडळ स्थापून हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. त्याप्रमाणे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आणिले. कोणाच्याही धर्मात हात घालावयाचा नाही, असा त्या शाळेचा नियम होता, आणि रमाबाईंनी तो पाळिला. परंतु आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन त्या प्रार्थना करीत, तेव्हा दार लावून घेत नसत. मुली आपल्या मनाने येऊन बसू लागल्या. त्यांपैकी काहींचे मन ख्रिस्ताकडे वळते आहे असे दिसताच पुण्यात मोठे वादळ उठले. १८९३ साली सल्लागार मंडळींनी संबंध तोडला, वर्तमानपत्रांनी झोड उठविली, आणि वीस-पंचवीस मुलींस त्यांच्या पालकांनी काढून नेले. दार लावून घेतले असते तर कदाचित हे सर्व टळले असते. पण रमाबाईंनी ते उघडेच ठेविले. मुलींस त्यांनी बोलाविले नाही आणि हाकलूनही दिले नाही. विश्वासूपणा तो हाच. त्यात आरडाओरड नव्हती. प्रभूस लपविणे तेवढे नव्हते.

दहा वर्षांचे साहाय्य १८९८ साली संपणार हे जाणून त्यांनी पुण्याजवळ केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या आणि फळझाडे लाविली. पुढे झाडांच्या उत्पन्नावर शाळा चालावी हा हेतू. असा दूरवरचा विचार करणारी ही बाई प्रार्थनेतही धीट होती. १८९६ साली लोणावळ्याच्या उपासनामेळ्यास त्या गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर प्रभूस स्वीकारलेल्या १५ मुली होत्या. ह्या पंधरांच्या पंधरापट, म्हणजे २२५, आत्मे दे, असे मागणे त्यांनी देवापाशी मांडिले. शाळेत तेवढ्यांना झोपण्यास जागा नव्हती आणि तेवढ्यांना खाऊ घालण्यास पैसाही नव्हता.

देवाने ती प्रार्थना कशी ऐकिली? त्याच वर्षी मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंस आपले बालपण आठवले. पाला खाल्लेल्या मुखास भुकेची चव ठाऊक होती. त्या तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, रोगाने पिडलेल्या, वाईट लोकांच्या हाती सापडण्याच्या भयात असलेल्या मुली व विधवा त्यांनी गोळा केल्या. अशा सुमारे ३०० जणी येऊन पोचल्या. इतक्यात पुण्यात प्लेग सुरू झाला आणि शहरात माणसे वाढविण्यास सरकारने मनाई केली. तेव्हा केडगावच्या त्याच जमिनीवर तंबू व गवती झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तिसदनाचा आरंभ हा असा झाला.

वाचकहो, नीट पाहा. रमाबाईंनी आशीर्वाद मागितला आणि त्यांच्या दारी शेकडो उपाशी तोंडे आली. अंगावर चिंध्या, केसांत उवा, तोंडी शिवीगाळ, अन्न दिसताच झडप घालण्याची सवय, अशा स्थितीत त्या मुली आल्या. दुसरा कोणी म्हणाला असता की देवाने ओझे पाठविले. रमाबाईंनी ओळखिले की मागितलेले तेच आले आहे. त्यांनी त्यांस न्हाऊ घातले, औषध दिले, अक्षर शिकविले, प्रभूचे नाव सांगितले. पुष्कळ जणी मेल्या, काही पळून गेल्या. पण ज्या राहिल्या त्यांतून शिक्षिका, परिचारिका, बायबल वाचून दाखविणाऱ्या बाया निघाल्या. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पूर्वी वाचविलेल्यांपैकी काही जणी इतरांस वाचवावयास गेल्या. केडगावच्या वस्तीत तेव्हा जवळजवळ दोन हजार जीव होते. अंधांस बोटांनी वाचावयास शिकविले, म्हाताऱ्यांस आसरा दिला, फसलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढिले. शेत, दुभती गुरे, तेलाची घाणी, हातमाग, छापखाना ही सर्व कामे स्त्रियाच करीत.

सारफथच्या विधवेची गोष्ट आपण मुलांस शिकवितो. तिच्या घरी कणग्या भरल्या नाहीत. तिच्या मडक्यातले मूठभर पीठ तेवढे सरले नाही. आणि तेही तिने आधी दुसऱ्यास भाकर करून दिल्यावर. मुक्तिसदन त्याच रीतीने चालले.

१९०५ च्या आरंभी रमाबाईंनी पवित्र आत्म्याच्या भेटीसाठी नित्य प्रार्थना करणाऱ्यांचा मेळा जमविला. जून महिन्यात ती भेट झाली. मुली पापाच्या जाणिवेने रडू लागल्या, एकमेकींची क्षमा मागू लागल्या, आणि मग टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास निघाल्या. त्या जागृतीची वार्ता परदेशापर्यंत गेली. परंतु रमाबाई त्या कीर्तीमागे गेल्या नाहीत. त्या एका मेजापाशी बसल्या.

त्यांच्या मनात बहुत दिवसांपासून एक खंत होती. मराठी शास्त्रातील कित्येक शब्द खेड्यातील साध्या बायांस कळत नसत. म्हणून त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करावयास घेतले. संस्कृताच्या पंडितेने दळणकांडण करणाऱ्या बाईकरिता भाषा सोपी केली, ह्यापरते नम्रतेचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. कान जवळजवळ गेले होते, शरीर थकले होते. तरी वर्षामागून वर्षे ओळीमागून ओळ चालली होती. मुक्तिसदनाच्याच मुलींनी खिळे जुळविले आणि पाने छापिली. नवा करार १९१३ साली निघाला.

मग शेवटचा घाव बसला. जी कन्या आईच्या सर्व कामाचा उजवा हात होती व जी आपल्यामागे ते चालवील अशी आशा होती, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी प्रभूकडे गेली. आई, बाप, बहीण, भाऊ, पती आणि आता लेक. रमाबाईंनी तक्रार केली नाही, आणि भाषांतराचे काम टाकिले नाही. छापावयाच्या पानांची तपासणी त्या अखेरपर्यंत करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्या झोपेतच प्रभूजवळ गेल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ साली छापून झाले. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले नाही. केडगावचे मुक्तिसदन मात्र आजही उभे आहे, आणि निराधार स्त्रियांस व मुलांस आजही तेथे आसरा मिळतो.

आता सांगा, ह्या बाईंस देवाचा आशीर्वाद मिळाला होता काय? घरदार, आप्त, मान ह्यांवरून मोजू गेलो तर त्यांच्याइतकी दुर्दैवी कोणी नाही. आणि वाचविलेल्या जिवांवरून मोजू गेलो तर त्यांच्याइतकी भाग्यवान शोधून सापडावयाची नाही.

म्हणून ज्या बंधूचे शेत यंदा करपले आहे, त्याने देव दूर गेला असे समजू नये. आपल्याहून अधिक भुकेला असा कोण आपल्या दारी आला आहे, हे त्याने पाहावे. ज्या उपदेशकाच्या गावी दोनच घरे प्रभूची आहेत आणि वर्षानुवर्षे तिसरे होत नाही, त्याने आपले दार उघडे ठेवून प्रार्थना करावी, आणि त्या दोन घरांतील लेकरांस अक्षर शिकवावे. ज्या बहिणीस वाचता येत नाही, तिने ह्या पावसाळ्यात वाचावयास शिकावे. कारण तिच्यासारखीसाठीच एका पंडितेने आपली अखेरची वर्षे वेचिली. आशीर्वाद मागताना तो ओझ्याच्या रूपाने आला तर ओळखण्याचे डोळे, आणि ओळखल्यावर तो अखेरपर्यंत वाहण्याचे बळ, ही दोन्ही आपण देवापाशी मागू या. तो देणारा आहे.