आरी लागली अन् उजेड गेला

अंधांच्या लिपीचे जनक लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्समधील कुव्रे या खेड्यात जन्मले. वडील खोगीर व घोड्यांचे चामडी साज बनवीत. तीन वर्षांच्या लुईने खेळता खेळता आरी उचलली, ती डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली. पाचव्या वर्षी पुरता अंधार. गावच्या शाळेत लुई ऐकून शिकले. १८१९ मध्ये पॅरिसच्या अंधशाळेत गेले. पंधराव्या वर्षी सहा टिंबांची लिपी बसवली. १८५२ साली वारले.

तेव्हा इलाज नव्हता, आज आहे. शेतकरी बंधूंनो, आरी, विळा, खुरपे पोरांपासून दूर ठेवा. डोळ्याला इजा झाली तर दूध-मध न घालता तडक दवाखाना गाठा. एक डोळा अधू असला तरी पोर सांगत नाही. म्हणून गुरुजी व सरपंचांनी शाळेत दरवर्षी नेत्रतपासणी करून घ्यावी.