हाफकिन आणि मुल्कोवालची बाटली

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. ज्यांच्यावरून ते पडले ते वाल्देमार हाफकिन डॉक्टर नव्हते, इंग्रजही नव्हते, आणि याच संस्थेतून त्यांना एकदा ठपका घेऊन बाहेर पडावे लागले होते.

त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा येथे, एका ज्यू कुटुंबात झाला. विद्यापीठात ते मेचनिकॉफ यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकले. ज्यूंवरील हल्ल्यांचा प्रतिकार करताना ते जखमी झाले, त्यांना अटकही झाली. धर्मांतर केले असते तर विद्यापीठात पुढची वाट मोकळी झाली असती; ते त्यांनी नाकारले. १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना काम मिळाले, तेही ग्रंथालयातले. तेथेच फावल्या वेळात प्रयोग करून त्यांनी पटकीची लस सिद्ध केली आणि जुलै १८९२ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढील वर्षी ते कलकत्त्यास आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांना मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला. शहर रिकामे होऊ लागले. ठाणे-कल्याणमार्गे देशावर जाणाऱ्या गाड्या भरून वाहू लागल्या आणि माणसांबरोबर रोगही पुढे सरकला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, व्हरांडा आणि हाताखाली मोजकी माणसे मिळाली. मांसरसावर तुपाचे थेंब सोडले की प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, हे त्यांनी हेरले. ते उष्णतेने मारायचे आणि त्यांचीच लस करायची. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी १० घनसेंटिमीटरची मात्रा स्वतःला टोचली. ताप आला, वेदना झाल्या, पण ते उभे राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर प्रयोग झाला.

याच सुमारास प्लेगच्या नावाखाली घरांत शिरणारे सोजीर आणि सक्तीची स्थलांतरे यांनी लोक संतापले होते. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा वातावरणात परक्या माणसाच्या सुईपुढे हात करणे सोपे नव्हते. आगाखान यांनी उघडपणे लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती कमी झाली. सक्तीने जे साधले नाही ते येथे विश्वासाने साधत होते.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा याच वास्तूत पटकीने अंत झाला होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. निर्जंतुकीकरणाच्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळण्याचा हाफकिन यांनी केलेला बदल त्यांच्यावर उलटला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते युरोपात परतले. मुल्कोवाल येथे बाटलीचे बूच काढणारा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही साक्ष मात्र बाजूला राहिली. जंतू परळहूनच आले असते, तर बंद बाटलीत ते आठवडेच्या आठवडे वाढून दुर्गंधी सुटली असती. तशी ती आली नव्हती. इतका साधा मुद्दा मान्य व्हायला पाच वर्षे लागावीत, हे शास्त्रापेक्षा सरकारी मनोवृत्तीबद्दल अधिक सांगते.

१९०७ मध्ये मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षाअखेर सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले. पण परळ परत मिळाले नाही. ते कलकत्त्यास रुजू झाले, तेथे त्यांना लस बनविण्याचे मोठे काम मिळाले नाही आणि पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास ते निवृत्त झाले.

त्यांची लस मात्र परळहून जातच राहिली. १९२५ पर्यंत अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या. त्याच वर्षी प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. ते तेव्हा युरोपात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. आपली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू पाठशाळांसाठी ठेवली.