शमशोन : बलवान माणसाच्या दोन प्रार्थना

बायबलमधील माणसे म्हणजे सगळी पुण्यवान माणसे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. जुन्या करारातील शास्ते हे पुस्तक वाचू लागले की हा समज फार काळ टिकत नाही. त्यातील तेराव्या ते सोळाव्या अध्यायात शमशोनाचे चरित्र आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत सॅमसन हे नाव ठेवले जाते, तो हाच. लहान मुलांना त्याची गोष्ट फार आवडते. सिंह आहे, कोल्हे आहेत, गाढवाचे जाभाड आहे, कोसळणारे मंदिर आहे. मोठ्यांना मात्र ती अडचणीची वाटते. हा माणूस रागीट होता, सूड घेणारा होता, स्त्रियांच्या मोहात वारंवार सापडणारा होता. असे असूनही नव्या करारातील इब्री लोकांस पत्राने त्याचे नाव श्रद्धावंतांच्या यादीत घातले आहे (इब्री ११:३२). हे कसे, ह्याचा विचार आम्ही आजच्या लेखात करणार आहोत.

काळ आणि ठिकाण

शमशोनाचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वी बाराव्या-अकराव्या शतकातला. इस्राएलला तेव्हा राजा नव्हता. संकट आले की देव एखादा पुढारी उभा करी, त्याला शास्ता म्हणत. समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यात पलिष्टी लोकांची गज्जा, अष्कलोन, अश्दोद, एक्रोन आणि गथ ही पाच नगरे होती. हे लोक समुद्रमार्गे बाहेरून आलेले. अष्कलोन येथे सापडलेल्या प्राचीन सांगाड्यांच्या अभ्यासातून २०१९ साली असे दिसून आले, की त्यांच्या पूर्वजांचे नाते दक्षिण युरोपशी होते. ह्या पलिष्ट्यांच्या हाताखाली इस्राएल लोक चाळीस वर्षे होते, असे बायबल सांगते.

जेरुसलेमच्या पश्चिमेला, डोंगर उतरून सपाटी सुरू होते तिथे सरा नावाचे गाव होते. तेथे दान वंशातील मानोहा आणि त्याची पत्नी राहत होती. तिला मूलबाळ नव्हते. बायबलने तिचे नाव दिलेले नाही. पण ह्या चरित्रातील सर्वांत समजूतदार व्यक्ती कोण, असे कोणी विचारले तर आम्ही तिच्याकडेच बोट दाखवू. परमेश्वराचा दूत पहिल्यांदा तिला दिसला, मानोहाला नाही. तिला मुलगा होईल आणि तो पलिष्ट्यांच्या हातून इस्राएलची सुटका करू लागेल, असे दूताने सांगितले. मानोहाने प्रार्थना करून दूताला पुन्हा बोलावले, तेव्हाही दूत शेतात तिलाच भेटला आणि ती धावत जाऊन नवऱ्याला घेऊन आली. मानोहाने खडकावर अर्पण केले, ज्वाला वर गेली आणि तिच्यातून दूत दिसेनासा झाला. आपण देवाला पाहिले, आता आपण मरणार, म्हणून मानोहा घाबरला. बायकोने त्याला शांतपणे समजावले : देवाला आपल्याला मारायचे असते तर त्याने आपले अर्पण स्वीकारले नसते आणि एवढे सगळे सांगितलेही नसते.

जन्माआधीचे व्रत

हा मुलगा गर्भात असल्यापासून मरेपर्यंत नाजीर राहणार होता. नाजीर म्हणजे देवासाठी वेगळा ठेवलेला. गणना पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ह्या व्रताचे तीन मुख्य नियम आहेत : द्राक्षारस व द्राक्षाचा कोणताही पदार्थ घ्यायचा नाही, केसांना वस्तरा लावायचा नाही, प्रेताजवळ जायचे नाही. इतर लोक हे व्रत काही काळापुरते आणि स्वखुशीने घेत. शमशोनाचे व्रत देवाने ठरवलेले होते आणि त्याच्या आईनेही गरोदरपणात मद्य व अशुद्ध अन्न वर्ज्य करायचे होते. मुलाची शिकवण त्याच्या जन्मापूर्वी आईच्या वागण्यापासून सुरू होते, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे येथे किती जुने आहे ते कळते.

ख्रिस्तसभेने हा प्रसंग विसरू दिलेला नाही. दरवर्षी १९ डिसेंबरला, नाताळच्या सहा दिवस आधी, पवित्र मिस्सामध्ये पहिले वाचन शमशोनाच्या जन्माच्या निरोपाचे असते आणि शुभवर्तमान योहान बाप्तिस्ताच्या जन्माच्या निरोपाचे. दोन्ही माता वांझ, दोन्ही निरोप देवदूताचे, दोन्ही मुलांना मद्य वर्ज्य. त्यांतील एकाने आपले व्रत जन्मभर पाळले. दुसऱ्याचे काय झाले ते आता पाहू.

डोळ्यांनी नेले तिकडे

शमशोन तरुण झाला. देवाच्या आत्म्याने त्याला प्रेरणा होऊ लागली होती. पण चरित्रातली पहिली हालचाल तो तिम्ना गावाकडे करतो, कारण तेथे त्याला एक पलिष्टी मुलगी दिसली. आईबापांनी समजावले, आपल्या लोकांत मुली नाहीत का, असे विचारले. त्याचे एकच म्हणणे : ती माझ्या डोळ्यांत भरली आहे. पुढेही असेच घडते. त्याने पाहिले आणि तो गेला.

तिम्नाच्या वाटेवर एक तरुण सिंह अंगावर आला. हातात काही नसताना शमशोनाने त्याला फाडून टाकले. काही दिवसांनी पाहतो तर सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांचे पोळे. मेलेल्या जनावराला स्पर्श करणे नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध होते. तरी त्याने मध काढला, खात खात चालला, आईबापांनाही दिला. पण कोठून आणला ते सांगितले नाही. ही गोष्ट लहान वाटते. तरी आमच्या मते पतनाची सुरुवात येथे झाली. अशा माणसाची पहिली खूण म्हणजे घरच्यांपासून लपवाछपवी.

लग्नाच्या सात दिवसांच्या मेजवानीत त्याने ह्याच मधावर तीस तरुणांना कोडे घातले आणि तीस तागाची वस्त्रे व तीस पोशाख पैजेला लावले. वऱ्हाडी मंडळींनी नव्या नवरीला, तिला आणि तिच्या बापाच्या घराला जाळून टाकू, अशी धमकी दिली. तिने रडून रडून उत्तर काढून घेतले. पैज हरलेल्या शमशोनाने अष्कलोनला जाऊन तीस माणसे मारली व त्यांचे कपडे आणून दिले. मग रागाने घरी निघून गेला. इकडे त्याची बायको त्याच्या सोबत्याला देण्यात आली.

पुढे सूडाची साखळीच लागते. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत त्याने तीनशे कोल्हे धरले, दोन-दोन शेपट्या बांधून मध्ये पेटते पलिते लावले आणि पलिष्ट्यांच्या उभ्या पिकांत सोडून दिले. धान्य, द्राक्षमळे, जैतुनाची झाडे, सगळे जळाले. पलिष्ट्यांनी त्या मुलीला आणि तिच्या बापाला जाळले. ज्या धमकीला घाबरून तिने कोडे फोडले होते, तेच शेवटी तिच्या नशिबी आले. दोन बाजूंच्या रागात चिरडली गेली ती एक निरपराध मुलगी. शमशोनाच्या पराक्रमाची गोष्ट मुलांना सांगताना आपण तिला विसरू नये.

पहिली प्रार्थना

शमशोन एटामच्या खडकात जाऊन राहिला. पलिष्टी यहूदावर चालून आले, तेव्हा यहूदाचे तीन हजार पुरुष शत्रूवर नव्हे, तर शमशोनावर गेले. त्यांना सुटका नको होती, त्रास नको होता. त्याने त्यांच्यावर हात उचलला नाही. दोन नव्या दोरांनी स्वतःला बांधून दिले. लेही येथे पलिष्टी ओरडत पुढे आले, तेव्हा दोर जळालेल्या सुतासारखे गळून पडले. जवळ पडलेले गाढवाचे ताजे जाभाड उचलून त्याने हजार माणसे मारली.

आणि मग ह्या बलाढ्य माणसाला तहान लागली. आता तहानेने मरतो की काय, असे झाले. तेव्हा त्याने देवाला हाक मारली. देवाने जमीन फोडून पाणी दिले. त्या झऱ्याला हाक मारणाऱ्याचा झरा असे नाव पडले. शमशोनाच्या संपूर्ण चरित्रात त्याने केलेल्या प्रार्थना दोनच नोंदलेल्या आहेत. त्यांतील ही पहिली. सिंह समोर असताना त्याने प्रार्थना केल्याचे लिहिलेले नाही, लग्न ठरवताना नाही, कोल्हे पकडताना नाही. हातपाय गळाले तेव्हाच त्याला देव आठवला.

दलीला

त्याने वीस वर्षे इस्राएलचा न्यायनिवाडा केला, एवढेच बायबल सांगते. मग तो गज्जा नगरात एका वेश्येकडे गेलेला दिसतो. वेशीवर शत्रू दबा धरून बसले. मध्यरात्री तो उठला आणि वेशीचे दरवाजे चौकटी-अडसरासकट उखडून, खांद्यावर घेऊन हेब्रोनसमोरच्या डोंगरावर गेला. गज्जापासून हेब्रोन सुमारे ६० किलोमीटर, तेही चढणीवर. गालील प्रांतात हुकोक येथे उत्खननात पाचव्या शतकातील एका यहुदी सभास्थानाची जमीन सापडली आहे. तिच्या रंगीत खड्यांच्या चित्रांत २०१२ साली शमशोनाचे कोल्हे आणि २०१३ साली वेशीचे दरवाजे वाहणारा शमशोन उजेडात आला. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही भाविक ही गोष्ट डोळ्यांपुढे ठेवीत होते. पोप संत ग्रेगरी ह्यांनी तर ह्या प्रसंगात येशूच्या पुनरुत्थानाची छाया पाहिली : पहारा बसलेला असताना येशू मध्यरात्री मरणाची वेस मोडून बाहेर आला.

पण दरवाजे उखडणाऱ्याला स्वतःच्या मनाला दार लावता आले नाही. सोरेक खोऱ्यातील दलीलावर त्याचे प्रेम बसले. ती पलिष्टी होती असे बायबल म्हणत नाही. पलिष्टी सरदारांपैकी प्रत्येकाने तिला चांदीचे अकराशे तुकडे कबूल केले, एवढे मात्र सांगते. तिने तीनदा त्याच्या बळाचे रहस्य विचारले. त्याने तीनदा थापा मारल्या : ओल्या वाद्या, नवे दोर, मागात विणलेले केस. तिन्ही वेळा शत्रू आले. एवढे झाल्यावर कोणीही सावध झाला असता. तो उठून गेला नाही. रोजच्या तगाद्याला कंटाळून त्याने मनातले सांगून टाकले. तिच्या मांडीवर तो झोपला असताना केसांच्या सात बटा कापल्या गेल्या.

बळ केसांत नव्हते. केस ही व्रताची खूण होती. बाकीचे व्रत कधीच ढिले झाले होते, ती एवढी खूण उरली होती. जागा झाल्यावर तो नेहमीप्रमाणे अंग झटकून उठला. परमेश्वर आपल्याला सोडून गेला आहे, हे त्याला ठाऊकही नव्हते. ह्या चरित्रातील सर्वांत भयंकर गोष्ट आम्हांला हीच वाटते. पाप केल्याचे दुःख असणाऱ्याला आशा असते. पण सवयीने सगळे चालू आहे आणि आतून देवाचा सहवास संपला आहे, हे ज्याच्या लक्षातच येत नाही, त्याने काय करावे?

केस वाढू लागले

पलिष्ट्यांनी त्याचे डोळे काढले. ज्या डोळ्यांनी त्याला तिम्नाला, गज्जाला, सोरेकला नेले, तेच गेले. पितळी बेड्या घालून त्याला गज्जाच्या तुरुंगात धान्य दळायला बसवले. ज्या नगराची वेस त्याने उखडली, त्याच नगरात तो जात्याभोवती राबू लागला. आणि येथे बायबल एक साधी ओळ घालते : त्याचे केस पुन्हा वाढू लागले. शत्रूंचे तिकडे लक्ष नव्हते. देव आपली कृपा अशीच परत देतो, गाजावाजा न करता, रोज थोडी थोडी.

दागोन देवाच्या उत्सवात लोकांनी करमणुकीसाठी त्याला बाहेर काढले. छतावरच तीन हजार स्त्री-पुरुष होते. एक मुलगा त्याचा हात धरून चालवत होता. त्याला विनंती करून तो दोन मधल्या खांबांपाशी उभा राहिला. आजच्या तेल अवीव शहराच्या हद्दीत तेल कासिले येथे १९७० च्या दशकात एक पलिष्टी मंदिर उकरून काढण्यात आले. त्याचे छत दोन मधल्या लाकडी खांबांवर होते आणि त्यांचे दगडी पाये जागेवर मिळाले. गोष्ट लिहिणाऱ्याला पलिष्टी मंदिराची रचना ठाऊक होती, असे त्यावरून म्हणता येते.

तेथे शमशोनाने दुसरी आणि शेवटची प्रार्थना केली. देवाने आपली आठवण करावी, ह्या एका वेळेपुरते बळ द्यावे, असे त्याने मागितले. प्रार्थनेत डोळ्यांच्या सूडाची भाषाही आहे. बायबलने ती झाकलेली नाही आणि आम्हीही झाकत नाही. त्याने खांब रेटले. मंदिर कोसळले आणि तोही त्यात मेला. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन ह्यांनी ह्या मृत्यूचा विचार केला. स्वतःचा जीव घेण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे ठामपणे मांडून शमशोनाला पवित्र आत्म्याची गुप्त आज्ञा होती, म्हणून हा प्रसंग वेगळा, असे त्यांनी सांगितले. तेव्हा ह्या गोष्टीतून कोणी आत्मघाताचा किंवा सूडाचा धडा घेऊ नये. शत्रूवर प्रीती करा, हे शिकवणारा आपला प्रभू येशू क्रुसावर हात पसरून मेला, तो मारणाऱ्यांना क्षमा करून.

मग शमशोन श्रद्धावंतांच्या यादीत का? आम्हांला असे वाटते, की सगळे संपल्यावरही देव आपली हाक ऐकेल, एवढी श्रद्धा त्याच्यात उरली होती. व्रत मोडलेला, आंधळा, बेड्यांतला, लोकांच्या हसण्याचा विषय झालेला माणूस अजूनही त्याच देवाला हाक मारतो.

त्याचे भाऊबंद व घरचे सर्व लोक खाली गज्जाला गेले, त्याचे प्रेत घेऊन आले आणि सरा व अष्टावोल ह्यांच्यामध्ये मानोहाच्या कबरेत त्यांनी त्याला पुरले. घरच्यांनी त्याला टाकले नाही.

आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत. मुलगा व्यसनात गेला आहे, मुलगी घरापासून तुटली आहे, कोणी वर्षानुवर्षे पापनिवेदनाला आलेले नाही. अशा आईबापांना आम्ही एवढेच सांगू, की आशा सोडू नका. आणि जो स्वतःच त्या अंधारात आहे, त्याने पहिल्या प्रार्थनेसाठी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. शमशोनाने दोनदाच हाक मारली आणि दोन्ही वेळा देवाने ऐकली. तो रोज मारता तर त्याचे आयुष्य कसे झाले असते, ह्याचा विचार आपण ह्या आठवड्यात घरी कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी करू या.