सासवण्याचे शिल्पकार : विनायकराव करमरकर

मुलांनो,

गेल्या सुट्टीत भारतात गेलो तेव्हा आम्ही एक दिवस अलिबागच्या बाजूला गेलो होतो. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने मांडव्याला उतरायचे आणि अलिबागचा रस्ता धरायचा. नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू होतात आणि थोड्याच वेळात सासवणे नावाचे छोटेसे गाव येते. तिथे एका घराच्या अंगणात एक म्हैस बसली होती. आमची धाकटी तिच्या जवळ जायला घाबरली. जवळ गेल्यावर कळले, म्हैस सिमेंटची आहे! हे घर म्हणजे करमरकर शिल्पालय. ज्यांनी ही म्हैस घडवली त्या विनायक पांडुरंग करमरकर यांची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

विनायकचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी याच सासवणे गावात झाला. तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, आज आपण त्याला रायगड म्हणतो. घर साधे, कोकणातल्या इतर घरांसारखे. पण त्या घरात गणपतीच्या मूर्ती घडवण्याची कला होती. आपण इथे दुकानातून प्ले-डो आणतो, विनायकच्या हातात लहानपणापासून खरी माती होती. माती किती ओली हवी, सोंड कुठे वळवायची, डोळे शेवटी कसे उघडायचे, हे तो बघता बघता शिकला असणार. चित्रे काढायचा नादही होताच. कागद महाग, म्हणून भिंती कामाला येत.

अशाच एका भिंतीने त्याचे आयुष्य बदलले. गावातल्या देवळाच्या भिंतीवर विनायकने शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड दौऱ्यावर असताना त्यांच्या नजरेस ते पडले. देवळाची भिंत रंगवली म्हणून कोणी पोराचे कान उपटले असते. साहेबांनी चौकशी केली, चित्र कोणी काढले? मुलगा समोर आला तेव्हा त्याचे कसब त्यांनी ओळखले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला जाण्यासाठी त्याला मदत केली.

इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. ते दिवस इंग्रजांच्या राज्याचे. ज्या महाराजांनी स्वतःचे राज्य उभे केले त्यांचे चित्र एक मराठी मुलगा काढतो आणि त्याला पुढे पाठवतो एक गोरा अधिकारी. इतिहासात असे घडते. राज्य परके होते हेही खरे आणि त्या एका माणसाने गुण ओळखला हेही खरे. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

जे. जे. मध्ये विनायकने मन लावून अभ्यास केला. तिथले मानाचे लॉर्ड मेयो पदक त्याला मिळाले. पुढे रवींद्रनाथ टागोरांचे पुतणे सुरेंद्रनाथ यांच्या आग्रहावरून करमरकर कलकत्त्याला गेले आणि तिथे स्टुडिओ थाटला. कोकणातल्या माणसाला बंगाल म्हणजे त्या काळी परदेशच! भाषा वेगळी, जेवण वेगळे. आपल्यापैकी ज्या पालकांनी नवीन देशात पहिली थंडी काढली आहे, त्यांना ते दिवस कसे असतील याची कल्पना येईल. १९२० च्या सुमारास ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकायला गेले. युरोपातले मोठमोठे पुतळे पाहिले, धातूचे ओतकाम कसे करतात ते समजून घेतले आणि परत आले. पुढे त्यांनी मुंबईत काम सुरू केले.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाची गोष्ट.

पुण्याला शिवाजी महाराजांचे भव्य स्मारक व्हावे ही कोल्हापूरच्या शाहू महाराजांची इच्छा होती. नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. पण ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज वारले. या कामात पुढाकार घेणारे ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे १९२५ साली गेले. अखेर घोड्यावर बसलेल्या महाराजांचा पुतळा घडवण्याची जबाबदारी करमरकरांवर आली. तेव्हा ते पस्तिशीच्या आसपास होते आणि एवढा मोठा पुतळा म्हणजे त्यांची कसोटीच होती.

ब्राँझचा पुतळा कसा करतात ते थोडक्यात सांगतो. आधी लोखंडी सांगाड्यावर मातीचा पुतळा घडवतात. त्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतात. मग असा साचा तयार करतात की बाहेरचे कवच आणि आतला गाभा यांच्यामध्ये थोडीशी पोकळी राहील. या पोकळीत वितळलेला धातू ओततात. म्हणून पुतळा आतून पोकळ असतो, चॉकलेटच्या सशासारखा. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबे आणि थोडे कथील. ते वितळायला सुमारे १००० अंश सेल्सिअस उष्णता लागते. साच्यात ओलावा राहिला तर वाफ होऊन धातू उसळतो. आत हवा अडकली तर पुतळ्याला भोके पडतात. ओतताना मध्येच थांबले तर आधीचा धातू थिजतो आणि सांधा कच्चा राहतो.

म्हणूनच मोठे पुतळे तुकड्यातुकड्यांनी ओतायची पद्धत आहे. डोके वेगळे, धड वेगळे, घोड्याचे पाय वेगळे. एक तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा करता येतो. करमरकरांनी ठरवले की हा पुतळा एकसंध ओतायचा. आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांना हे ऐकूनच घाम फुटतो. आमचा प्रोग्राम चुकला तर दुरुस्त करून पुन्हा चालवतो, दिवसातून वीस वेळा. इथे एकच संधी! चुकले तर अनेक महिन्यांची मेहनत आणि टनावारी धातू वाया. पैसे जातील आणि नावही जाईल.

एवढे मोठे ओतकाम साध्या कारखान्यात होण्यासारखे नव्हते. म्हणून मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये, जिथे जहाजांची कामे चालत, तिथे १९२८ साली ते केले गेले. अनेक भट्ट्या, तापलेला धातू, भोवती कामगार आणि उरात धडधड. साच्याच्या आत काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही. धातू निवेपर्यंत थांबायचे आणि मगच साचा फोडायचा. साचा फोडला आणि आतून महाराज घोड्यासह एकसंध बाहेर आले! उंची १३.५ फूट आणि वजन सुमारे ८ टन. पुतळा पुण्याला नेण्यात आला आणि १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. पुण्याच्या शिवाजीनगर भागात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे. सासवण्याच्या देवळातले ते चित्र आठवा. त्या भिंतीपासून या पुतळ्यापर्यंतची ही वाट!

या कामाने करमरकरांचे नाव सगळीकडे झाले. राजेरजवाड्यांचे, पुढाऱ्यांचे पुतळे त्यांनी घडवले. शंख फुंकणाऱ्या स्त्रीचे त्यांचे 'शंखध्वनी' हे शिल्प फार गाजले. १९४९ च्या सुमारास ते अमेरिकाही पाहून आले. पुढे भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पण आम्हाला सर्वांत आवडली ती एक वेगळीच गोष्ट. एवढे मोठे झाल्यावरही त्यांनी गाव सोडले नाही. सासवण्याला घर बांधले आणि तिथे गावातल्याच माणसांची शिल्पे केली. कोळीण, शेतकरी, घरातली माणसे, कुत्रा आणि ती म्हैस.

यातली बरीच शिल्पे सिमेंटची आहेत. ब्राँझ महाग, संगमरवर त्याहून अवघड. सिमेंट स्वस्त, कुठेही मिळणारे आणि कोकणातल्या पावसात टिकणारे. राजाचा पुतळा करायला वर्गणी जमते. म्हशीच्या पुतळ्याला कोण वर्गणी देणार? ती आपल्या हौसेनेच करावी लागते. पण त्या म्हशीकडे आणि कोळणीकडे बघताना वाटते की करमरकरांनी इथेही महाराजांच्या पुतळ्याइतकेच लक्ष दिले आहे. म्हशीच्या मानेच्या वळ्या पाहिल्या की आपण नकळत हात फिरवायला जातो.

१३ जून १९६७ रोजी करमरकर वारले. त्यांच्या घरच्या माणसांनी ती वास्तू आणि शिल्पे जपली. आज दीडशेच्या आसपास शिल्पे तिथे बघायला मिळतात. आमच्या धाकटीने निघताना म्हशीला टाटा केला. गाडीत तिने विचारले, आपल्या भिंतीवर मी काढलेले चित्र तुम्ही पुसून का टाकले? आमच्याकडे उत्तर नव्हते. घर भाड्याचे आहे, डिपॉझिट जाईल, हे उत्तर खरे होते, पण त्या दिवशी द्यावेसे वाटले नाही. परत आल्यावर तिच्या खोलीत एका भिंतीवर मोठा कागद चिकटवून दिला आहे. तो आम्ही पुसत नाही.

तेव्हा पालकांनो, पुढच्या भारतवारीत मॉल आणि लग्ने यांतून एक दिवस काढा आणि मुलांना सासवण्याला घेऊन जा. पुण्यात असाल तर शिवाजीनगरचा पुतळाही दाखवा. आणि मुलांनो, पुढच्या रविवारी वर्गात येताना आपल्या घरातल्या एका माणसाला काम करताना बघा आणि त्याचे चित्र किंवा मातीचे शिल्प करून आणा. आजी पोळ्या लाटताना चालेल, बाबा भांडी घासतानाही चालेल. खाली दोन ओळी मराठीत लिहायला विसरू नका!