अर्देशीर खरशेदजी वाडिया

चुलीवरील भांड्यात आधण आले, की झाकण थडथडू लागते. ते हलविणारी शक्ती वाफेची होय. समुद्रसपाटीवर पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. त्यानंतर कितीही जाळ घातला, तरी उघड्या भांड्यातील पाणी अधिक तापत नाही. ती उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. वाफेला पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा लागते. बंद पात्रात ती जागा मिळत नाही, तेव्हा वाफेचा दाब वाढतो आणि जड दट्ट्यालाही पुढे ढकलतो. याच बळावर यवतमाळ-मूर्तिजापूर ही लहान आगगाडी 1994 पर्यंत कपाशीच्या मुलखातून धावत असे.

हे बळ आपल्या देशात ज्यांनी फार लवकर ओळखले, त्यांत अर्देशीर खरशेदजी वाडिया यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म 1808 साली मुंबईत, जहाजे बांधणाऱ्या विख्यात पारशी घराण्यात झाला. सागवानी जहाजे बांधण्यात या घराण्याचा हातखंडा होता. परंतु 1829 मध्ये मुंबईच्या गोदीतून 'ह्यू लिंडसे' ही आगबोट पाण्यात उतरली. वाऱ्याची वाट न पाहता चालणारे ते जहाज होते. शिडांचे दिवस सरत आले, हे तरुण अर्देशीरांनी जाणले. पिढीजात कसबावर विसंबून राहावे, की नवी विद्या मुळापासून शिकावी? त्यांनी दुसरी वाट धरली.

त्यांनी एक अश्वशक्तीचे लहानसे इंजिन तयार केले व त्याच्या साहाय्याने विहिरीचे पाणी वर चढवून कारंजे उडविले. 1833 मध्ये त्यांनी 'इंडस' हे छोटे जहाज बांधले, तर 1834 मध्ये माझगावचे आपले घर वायूच्या दिव्यांनी उजळले.

अधिक ज्ञान मिळविण्यासाठी 1839 मध्ये ते दूरचा प्रवास करून इंग्लंडला गेले. तेथील कारखाने त्यांनी बारकाईने पाहिले. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्याच वर्षी मुंबईच्या वाफयंत्रांच्या कारखान्याचे ते मुख्य अभियंता झाले. एका भारतीयाच्या हाताखाली युरोपीय कारागिरांनी काम करावे, हे काहींना रुचले नाही. पण अर्देशीर आपल्या कामापासून ढळले नाहीत. पुढे त्यांनी सिंधू नदीवरील आगबोटींचीही व्यवस्था पाहिली. 1877 साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

घराण्याची कीर्ती अर्देशीरांना वारशाने मिळाली होती. विद्या मात्र त्यांनी स्वकष्टाने मिळविली.