तारकानगर व त्याचा पहिला विद्यार्थी

कोणत्याहि मनुष्याच्या कीर्तीचा दिवस जगास दिसतो. परंतु त्या दिवसामागें जी तयारी असते ती बहुधा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. ही गोष्ट ज्या एका गांवाच्या व ज्या एका मनुष्याच्या चरित्रांत स्पष्टपणें दिसून येते, त्यांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, ह्या हेतूनें हा अल्पसा लेख आम्ही लिहीत आहों.

मॉस्को शहराच्या ईशान्येस, पाइन व भूर्ज वृक्षांच्या दाट झाडींत तें गांव वसलेलें आहे. रशियन लोक त्यास झ्व्योझ्दनी गोरोदोक म्हणतात. आम्ही त्यास तारकानगर म्हणूं. अंतराळांत जाणाऱ्या वीरांस शिक्षण देण्याची एक संस्था ११ जानेवारी १९६० रोजीं स्थापन झाली, व पुढें तिच्याभोंवतीं हें गांव वाढलें. घरें, शाळा, दुकानें, तळें, सर्व कांहीं तेथें आहे. परंतु सभोंवार कुंपण, वेशीवर पहारा, आणि परवान्यावांचून आंत कोणास प्रवेश नाहीं. सोव्हिएत अमदानींत तर सामान्य नकाशांत त्याचें नांवहि सांपडत नसे. ह्या संस्थेंत ज्या पहिल्या तुकडीनें धडे घेतले, तींत युरी गागारिन हा होता.

युरीचा जन्म ९ मार्च १९३४ रोजीं स्मोलेन्स्क प्रांतांतील क्लुशिनो नांवाच्या खेड्यांत झाला. बाप सुतारकाम करी. आई सामुदायिक शेतावर दुधदुभत्याचें काम करी. युरी शाळेंत जाऊं लागतो न लागतो तोंच, १९४१ च्या शरदृतूंत, जर्मन सैन्य त्या गांवीं आलें. सैनिकांनीं घर बळकाविलें, आणि त्या कुटुंबास जमीन खणून केलेल्या भुयारवजा खोपटांत बरेच महिने काढावे लागले. १९४३ सालीं शत्रूनें युरीचा वडील भाऊ व बहीण ह्यांस वेठीस धरून नेलें. सुदैवानें युद्ध संपल्यावर तीं दोघेंहि जिवंत घरीं आलीं. ज्या मुलाची शाळाच अशी हिरावली गेली होती, त्यास शाळेची किंमत पुढें कोणीं सांगावी लागली नाहीं.

१९४६ सालीं हें कुटुंब जवळच्या ग्झात्स्क गांवीं राहावयास गेलें. परिस्थिति बेताची असल्यामुळें युरीनें मॉस्कोजवळच्या ल्युबेर्त्सी येथें ओतारीकाम शिकण्यास आरंभ केला. तेथून तो व्होल्गा नदीच्या कांठीं असलेल्या सारातोव्ह शहरीं धंदेशिक्षणाच्या विद्यालयांत गेला. दिवसा अभ्यास आणि फावल्या वेळीं विमानोड्डाणाच्या मंडळांत धडे, असा त्याचा क्रम होता. १९५५ सालीं त्यानें एकट्यानें विमान चालविलें. १९५७ सालीं ओरेनबुर्ग येथील लष्करी वैमानिक विद्यालयांतून तो उत्तीर्ण झाला, त्याच वर्षीं व्हालेन्तिना नांवाच्या तरुणीशीं त्याचा विवाह झाला, आणि पुढें उत्तर ध्रुवाकडील कडक थंडीच्या प्रदेशांत त्याची नेमणूक झाली.

१९६० सालीं अंतराळप्रवासासाठीं वीस वैमानिक निवडण्यांत आले. तेथील शिक्षण सोपें नव्हतें. आवाजाचा लेशहि येऊं नये अशा बंद खोलींत विद्यार्थ्यास एकट्यास कित्येक दिवस ठेवीत. गरगर फिरणाऱ्या यंत्रांत बसवून शरीराचा भार अनेक पटींनीं वाढवीत. कढत उष्णतेंत बसवीत. हवाई छत्री घेऊन विमानांतून उडी मारावयास लावीत. ह्या तुकडींतील सर्वांत लहान विद्यार्थी व्हालेन्तिन बोन्दारेन्को हा २३ मार्च १९६१ रोजीं प्राणवायूनें भरलेल्या अशाच एका बंद खोलींत लागलेल्या आगीनें होरपळून मरण पावला. त्याची वार्ता पंचवीस वर्षें जगास कळूं दिली गेली नाहीं. विजयाच्या पायऱ्या किती महाग असतात, हें आमच्या वाचकांनीं येथें ध्यानांत घ्यावें.

यानाचे मुख्य रचनाकार सेर्गेइ कोरोलेव्ह ह्यांनीं ह्या तरुणांस प्रथम यान दाखविलें, तेव्हां आंत चढण्यापूर्वीं युरीनें पायांतले बूट काढून ठेविले, असें सांगतात. खेड्यांतील मनुष्य घरांत शिरतांना जसें करील, तसेंच त्यानें केलें. उंचीनें तो अवघा १५७ सेंटिमीटर, स्वभावानें हंसतमुख. सहाध्याऱ्यांपैकीं बहुतेकांचें मत तोच प्रथम जावा असें होतें.

१२ एप्रिल १९६१ रोजीं मॉस्कोच्या घड्याळाप्रमाणें सकाळीं ९ वाजून ७ मिनिटांनीं बायकोनूर येथून व्होस्तोक यान उडालें. पृथ्वीभोंवतीं एक प्रदक्षिणा करून १०८ मिनिटांनीं युरी पुन्हां भूमीवर आला. परततांना यानाचा मागील भाग वेळेवर सुटा झाला नाहीं व यान गिरक्या खाऊं लागलें. तरी त्यानें धीर सोडला नाहीं. सुमारें सात किलोमीटर उंचीवर तो आसनासह बाहेर फेंकला गेला व सारातोव्ह प्रांतांतील एका शेतांत छत्रीच्या साह्यानें उतरला. ज्या प्रांतांत त्यानें उडण्याचा श्रीगणेशा केला, त्याच प्रांताच्या मातीवर त्याचे पाय लागले.

तो यानाबाहेर पडून उतरला, ही गोष्ट सोव्हिएत सरकारनें पुष्कळ वर्षें लपवून ठेविली. कारण विक्रमाच्या नियमांप्रमाणें वैमानिकानें यानांतच उतरावयास हवें होतें. आम्हांस वाटतें कीं, ही लपवाछपवी व्यर्थ होती. सत्य बाहेर आलें, आणि त्यामुळें युरीच्या पराक्रमांतून तिळभरहि उणें झालें नाहीं.

यानंतर देशोदेशीं त्याचे सत्कार झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस तो हिंदुस्थानांत आला व आमच्या मुंबईसहि येऊन गेला. एवढ्या कीर्तीनें कोणाचें डोकें फिरणार नाहीं? त्याचाहि पाय केव्हां केव्हां घसरला. मेजवान्या व मौज ह्यांत त्याचे कांहीं दिवस गेले. परंतु तो तेथेंच थांबला नाहीं, आणि आमच्या मतें त्याचा खरा मोठेपणा येथेंच आहे. सारें जग ज्यास ओळखत होतें तो मनुष्य पुन्हां बांकावर जाऊन बसला. झुकोव्स्की विमानविद्यालयांत त्यानें अभियांत्रिकीचा अभ्यास केला, आणि १९६३ च्या डिसेंबरापासून शिक्षणसंस्थेचा उपप्रमुख म्हणून धाकट्यांस तयार करण्याचें काम पत्करिलें.

१९६७ च्या एप्रिलांत त्याचा सहकारी व्लादिमिर कोमारोव्ह सोयूझ यानांतून परततांना मरण पावला. कोमारोव्हचा बदली वीर म्हणून युरीचीच नेमणूक होती. राष्ट्राचें हें भूषण जपून ठेवावें, म्हणून सरकारनें त्यास पुन्हां अंतराळांत जाण्याची मनाई केली. परंतु कांचेच्या कपाटांतील शोभेची वस्तु होणें त्यास रुचेना. स्वतः न उडतां इतरांस उडावयास शिकविणें त्यास योग्य वाटत नव्हतें. १७ फेब्रुवारी १९६८ रोजीं त्यास पदवी मिळाली. आणि २७ मार्च रोजीं अनुभवी वैमानिक व्लादिमिर सेर्योगिन ह्यांच्यासह सरावाच्या उड्डाणास गेला असतां विमान कोसळून दोघेंहि ठार झाले. वय अवघें चौतीस. अपघाताच्या कारणाविषयीं जाणत्यांत अद्यापि एकमत नाहीं.

त्याच वर्षीं संस्थेस गागारिनचें नांव देण्यांत आलें व ग्झात्स्क गांवहि त्याच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. तारकानगरांत त्याची खोली जशी होती तशीच राखली असून, अंतराळांत जाणारे वीर तेथील वहींत सही करून मग प्रस्थान ठेवतात. तेथील त्याच्या पुतळ्यानें पाठीमागें धरलेल्या हातांत एक लहानसें फूल आहे. कुंपणहि कालांतरानें सैल झालें: १९७३ पासून अमेरिकेचे वीर तेथें शिकावयास येऊं लागले, आणि २००९ सालीं संस्था लष्कराकडून मुलकी खात्याकडे गेली. १९८४ सालीं अंतराळांत गेलेले आपले श्री. राकेश शर्मा ह्यांनीं तेथेंच शिक्षण घेतलें, व २०२० आणि २०२१ सालीं गगनयानासाठीं निवडलेले चार भारतीय वैमानिकहि तेथेंच शिकले.

विद्यार्थीमित्रहो, पहिला येण्याचा मान एकालाच मिळतो व तो क्षणभरच टिकतो. परंतु मान मिळाल्यावर पुन्हां पाटी हातीं घेणें व आपल्यामागून येणाऱ्यांस वाट दाखविणें हें प्रत्येकास साधण्यासारखें आहे. परीक्षेचा निकाल लागेल त्या दिवशीं, तो कसाहि असो, ह्या सुताराच्या मुलाची आठवण तुम्हीं करावी, एवढीच आमची इच्छा आहे.